आधी सुटका, मग आज्ञा

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींत उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या धर्मशिक्षणासाठी ते मुद्दाम तयार केले होते आणि त्यात निवडक भागच घेतले होते. जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के आणि नव्या कराराचा जवळपास निम्मा मजकूर गाळलेला होता. काय ठेवले आणि काय काढले हे पाहिले की संपादकांचा हेतू लपत नाही. गुलाम म्हणून विकला जाऊनही इमानाने चाकरी करणाऱ्या योसेफाची कथा ठेवली होती. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातला उपदेशही होता, आणि सीनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञाही होत्या. नव्हती ती त्या आज्ञांच्या आधी घडलेली गोष्ट, म्हणजे मिसर देशात वेठीला जुंपलेले लोक फारोच्या तावडीतून सुटले ती कथा. माणूस पळवून विकणाऱ्याला देहदंड सांगणारा निर्गम ग्रंथातला नियम, ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातले विधान आणि सगळी स्तोत्रेही गाळली होती. कात्री चालवणाऱ्यांना बायबल चांगलेच कळलेले असावे. देवाच्या आज्ञेत राहणे म्हणजे वरच्याचे मुकाट्याने ऐकणे असा अर्थ त्यांना हवा होता, आणि अखंड ग्रंथातून तो निघत नव्हता. बायबलमध्ये आज्ञापालन हे सुटकेला दिलेले उत्तर आहे. सुटका गाळली की आज्ञा तेवढ्या उरतात आणि मग त्या कोणत्याही धन्याच्या कामी येतात. ग्रंथ सलग वाचला तर त्याच आज्ञा धन्यावरही बंधन घालतात.

हा क्रम योगायोगाने आलेला नाही. दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही. मिसरच्या दास्यातून तुला बाहेर काढणारा तो मीच, अशी परमेश्वर आधी आपली ओळख देतो आणि मग काय करावे, काय करू नये ते सांगतो. लोकांनी नियम पाळले म्हणून त्यांची सुटका झाली असे निर्गम ग्रंथ कुठेही म्हणत नाही. सुटका झाली तेव्हा नियम अस्तित्वातही नव्हते. पुढे मोशे कराराचे पुस्तक लोकांपुढे वाचून दाखवतो आणि ते संमती देतात, मगच करार पक्का होतो. यहोशवाच्या ग्रंथाच्या शेवटी शखेम येथे सगळ्या वंशांना जमवून पूर्वजांपासूनचा इतिहास सांगितला जातो आणि कोणाची सेवा करायची ते आजच निवडा, असे त्यांना बजावले जाते. इतकेच नव्हे, तर हे तुम्हाला झेपणार नाही असा इशाराही यहोशवा त्यांना देतो. ज्या आज्ञापालनाआधी संमती विचारली जाते आणि नकाराची वाट मोकळी ठेवली जाते, त्याला केवळ ताबेदारी म्हणता येत नाही. नव्या करारातही रचना हीच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आधी कृपेबद्दल बोलतो आणि मग कसे जगावे याकडे वळतो. कृपा मिळालीच आहे तर पाप करत राहायला काय हरकत, हा खोडसाळ प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो आणि धुडकावून लावतो. जुना करार म्हणजे रुक्ष कायदा आणि नवा करार म्हणजे प्रेम, अशी सोपी वाटणी ख्रिस्ती व्याख्यानांतून अनेकदा ऐकू येते. अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या पौल आणि पॅलेस्टाईनमधला यहुदी धर्म या विषयावरच्या ग्रंथाने तिला मोठा धक्का दिला. यहुदी परंपरेतही देवाने निवडणे आणि वाचवणे आधी येते, नियम पाळणे हा त्या नात्यात टिकून राहण्याचा मार्ग असतो, हे त्यांनी तपशिलाने मांडले.

या नात्याला करार का म्हटले असावे, याचे एक उत्तर पश्चिम आशियातल्या मातीच्या पाट्यांवर सापडते. इसवी सनापूर्वी चौदाव्या-तेराव्या शतकांत हित्ती सम्राट आपल्या मांडलिक राजांशी लेखी तह करत. त्यांत सम्राटाने मांडलिकावर पूर्वी केलेले उपकार आधी सांगितलेले असत. मग मांडलिकाची कर्तव्ये, तहाची प्रत देवळात ठेवण्याची आणि ती ठरावीक काळाने वाचून दाखवण्याची अट, साक्षी देवतांची नावे आणि शेवटी आशीर्वाद व शाप असा मजकूर येई. बायबलमधल्या कराराचे या तहांशी असलेले साम्य जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४ साली मांडले. पुढे अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इसवी सनापूर्वी ६७२ मध्ये आपला मुलगा अशुरबनिपाल याच्या वारसाहक्कासाठी मांडलिकांकडून घेतलेल्या शपथेचा मजकूर बायबलमधल्या अनुवाद या ग्रंथाशेजारी ठेवून वाचला गेला. आकाश पितळेचे आणि जमीन लोखंडाची होईल हा अनुवाद ग्रंथातला शाप त्या शपथेतही थोड्या फरकाने येतो. राजपुत्रावर स्वतःसारखे प्रेम करा, अशी आज्ञाही तिथे आहे, आणि तिथे प्रेमाचा अर्थ राजकीय निष्ठा असा आहे. यावरून कोणी म्हणेल की मग बायबलचा देव म्हणजे आकाशात बसवलेला एक सम्राटच. साम्य खरे आहे, पण त्याचा परिणाम उलटा झाला. सम्राट जी संपूर्ण निष्ठा आपल्यासाठी मागत होता ती एका छोट्या राष्ट्राने देवाला देऊन टाकली. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क उरला नाही, अश्शूरच्या राजाचा नाही आणि स्वतःच्या राजाचाही नाही. अनुवाद ग्रंथातला राजाविषयीचा कायदा याची साक्ष देतो. राजाने घोडे, बायका आणि सोनेनाणे यांची रास करू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जन्मभर वाचावी आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला उंच समजू नये, असे तो सांगतो. प्राचीन पश्चिम आशियात राजा कायदा देणारा होता. इथे त्याला कायद्याखाली उभे केले आहे.

आज्ञांचा मजकूर पाहिला तर सुटकेची आठवण त्यात खोल मुरलेली दिसते. शब्बाथाच्या विश्रांतीची दोन कारणे बायबल देते. निर्गम ग्रंथात ती सृष्टीच्या निर्मितीशी जोडली आहे, तर अनुवाद ग्रंथात दास्याशी. तूही मिसरात दास होतास, म्हणून सातव्या दिवशी तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव आणि तुझ्या गावात राहणारा परका यांनाही विसावा मिळाला पाहिजे. कापणीच्या वेळी शेतात विसरलेली पेंढी आणायला परत फिरू नये, जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडपू नये, द्राक्षमळ्यात राहिलेले घड वेचू नयेत. ते परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहेत. कारण पुन्हा तेच, मिसरातल्या दास्याची आठवण. सर्वांत धक्कादायक नियम पळालेल्या दासाबद्दलचा आहे. धन्याकडून पळून आश्रयाला आलेल्या दासाला परत धन्याच्या हवाली करू नये, तो निवडील त्या गावात त्याला राहू द्यावे, असे अनुवाद ग्रंथ सांगतो. त्याआधी हजार वर्षांच्या आसपास हम्मुराबीच्या बाबिलोनी कायद्यात पळालेल्या दासाला घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड होता, आणि १८५० साली अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्यानेही अशा माणसाला पकडून देणे बंधनकारक केले होते. याचा अर्थ बायबलने दास्य मोडून काढले असा नाही. लेवीय ग्रंथ परदेशी दास वारसाहक्काने बाळगण्याची मुभा देतो, आणि ती वस्तुस्थिती झाकण्यात अर्थ नाही. पण ज्या बायबलमध्ये ही मुभा आहे त्यातच ती पोखरणारा नियमही आहे. देवाची आज्ञा पाळायची म्हणजे दुबळ्याच्या बाजूने स्वतःच्या मालकीला आवर घालायचा, ही दिशा या नियमांत वारंवार दिसते.

आज्ञा देणारा देव आणि पाळणारा माणूस यांच्यात एकतर्फी हुकूम चालतो, हाही समज मजकुरापुढे टिकत नाही. सदोम नगराचा नाश ठरतो तेव्हा अब्राहाम देवाशी अक्षरशः घासाघीस करतो. नगरात ५० नीतिमान निघाले तर? मग ४५, ४०, ३०, २० आणि शेवटी १०. सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश स्वतः न्यायाने वागणार नाही काय, असे तो विचारतो आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. सोन्याच्या वासराची पूजा केलेल्या लोकांना नष्ट करण्याचा विचार देव बोलून दाखवतो तेव्हा मोशे त्याला पूर्वजांना दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो, आणि तो बेत रहित होतो. गणना ग्रंथातली सलाफहादाच्या पाच मुलींची कथा तर याहून पुढे जाते. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या बहिणी मोशे, याजक आणि सरदार यांच्यापुढे उभ्या राहतात. आपल्या बापाला मुलगा नव्हता, एवढ्यासाठी त्याचे नाव आणि त्याची जमीन का जावी, असा त्यांचा सवाल आहे. मोशे प्रकरण देवापुढे नेतो. मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय येतो आणि वारसाचा नियम बदलतो. पुढे त्यांच्या लग्नांवर बंधन घालणारी पुरवणी त्याला जोडली गेली हे खरे, पण त्यामुळे मूळ निकाल रद्द होत नाही. देवाच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेत पाच स्त्रिया भरसभेत आक्षेप घेतात आणि त्यामुळे कायदा दुरुस्त होतो, ही घटना त्याच कायद्याच्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. ज्या संपादकांना निमूट आज्ञापालन हवे असेल त्यांनी ती ठेवली नसती.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत याच विचाराला धार येते, कारण त्यांच्या काळी आज्ञापालनाची व्याख्या देऊळ आणि दरबार यांनी आपल्या सोयीने करून घेतली होती. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस हा तकोवा गावचा गुरे राखणारा माणूस उत्तरेकडच्या बेथेल या राजाच्या देवस्थानात जाऊन बोलतो. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्यांच्या सणांचा आणि होमांचा देवाला तिटकारा आहे, हे त्याच्या बोलण्याचे सार. यशया, होशेय आणि मीखा हेच आपापल्या परीने सांगतात. यिर्मया यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहून सांगतो की चोरी, खून आणि खोटी साक्ष चालू ठेवून या इमारतीच्या आडोशाला सुरक्षित राहता येणार नाही. त्यावर त्याला ठार मारण्याची मागणी होते, आणि ती करण्यात याजक पुढे असतात. इथे उपासना विरुद्ध नीती असा झगडा पाहणे घाईचे होईल. संदेष्ट्यांना उपासना नको नव्हती, तिच्या आडून आज्ञेला दिलेली बगल त्यांना दिसत होती. येशूच्या शिकवणीतला कुर्बानाचा वाद याच जातीचा आहे. आईबापांसाठी वापरायची मालमत्ता देवाला वाहिली असे जाहीर करायचे आणि म्हाताऱ्या आईबापांना हात हलवत ठेवायचे, ही पळवाट तो उघडी पाडतो. देवाचे नाव घेऊन देवाची आज्ञा मोडता येते, हे बायबलला नेमके ठाऊक आहे, आणि तिथे ते बाहेरच्या टीकाकाराने नाही तर आतल्याच माणसाने दाखवून दिले आहे.

राज्यसत्तेशी गाठ पडते तेव्हा या आज्ञापालनाचे दुसरे रूप दिसते. निर्गम ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात फारो शिप्रा आणि पुवा या सुइणींना हुकूम देतो की इब्री बायकांना मुलगा झाला तर तो जागीच मारा. त्या देवाला भिऊन असतात, म्हणून मुले जगू देतात आणि जाब विचारल्यावर राजाला थाप मारतात. बलाढ्य फारोचे नाव ग्रंथात नोंदलेले नाही, या दोघींचे आहे. देवाचे भय इथे माणसाचे भय घालवते. दानीएलाच्या ग्रंथात शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजा नबुखद्नेस्सराच्या सोन्याच्या मूर्तीपुढे लोटांगण घालायला नकार देतात. आमचा देव आम्हाला भट्टीतून वाचवू शकतो, आणि त्याने वाचवले नाही तरी आम्ही वाकणार नाही, असे त्यांचे उत्तर आहे. बक्षिसाची खात्री नसतानाही पाळलेली निष्ठा ती हीच. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि त्याचे सोबती धर्मसभेला ठणकावतात की माणसांपेक्षा देवाचे ऐकणे आम्हाला भाग आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात सविनय कायदेभंगाचा दाखला देताना नबुखद्नेस्सराचा हुकूम मोडणाऱ्या या तिघांचेच नाव घेतले होते.

या वाचनाविरुद्धचा पहिला जड आक्षेप मोरिया डोंगरावरचा आहे. देवाने सांगितले म्हणून अब्राहाम आपल्या मुलावर, इसहाकावर, सुरी उचलतो. सदोमसाठी वाद घालणारा हा माणूस स्वतःच्या मुलासाठी एक शब्दही काढत नाही, आणि त्याच्या या आज्ञाधारकपणाची ग्रंथ वाखाणणी करतो. इमॅन्युएल कांट यांनी १७९८ साली लिहिले की अब्राहामाने त्या आवाजाला उत्तर द्यायला हवे होते. निरपराध मुलाला मारू नये हे मला निश्चित ठाऊक आहे, पण तू देव आहेस हे मात्र तितके निश्चित नाही, असे काहीसे ते उत्तर. सोरेन किर्केगार्द यांनी १८४३ साली याच कथेवर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि तिची भयानकता सौम्य करायला नकार दिला. तिचे टोक पूर्ण बोथट करता येत नाही हे मान्य करावे लागते. तरीही उरलेला ग्रंथ तिच्याशी कसा वागतो ते पाहणे आवश्यक आहे. कथेचा शेवट हात आवरण्याच्या आज्ञेने होतो आणि मुलाच्या जागी झुडपात अडकलेला एडका येतो. लेवीय आणि अनुवाद हे ग्रंथ मुलांचा बळी देण्याला कडक मनाई करतात. पोटची मुले आगीत होमणे मी कधी सांगितले नव्हते आणि ते माझ्या मनातही आले नव्हते, असे यिर्मयाच्या तोंडून देव सांगतो. चिन्हे आणि चमत्कार दाखवणारा संदेष्टासुद्धा भलतीकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये, असेही अनुवाद ग्रंथ बजावतो. आवाज ऐकू आला म्हणून सुरी उचलावी, असा नियम बायबलने या कथेतून कुठेही काढलेला नाही. मनात आलेली हाक जाहीर आज्ञांवर तपासावी, हा मात्र नियम त्यात आहे.

शौल राजाची गोष्ट याहून अवघड आहे. यज्ञापेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ, हे शमुवेलाचे प्रसिद्ध वचन चर्चमधल्या प्रवचनांत पुष्कळदा येते, पण ते कोणत्या प्रसंगी आले ते क्वचितच सांगितले जाते. अमालेकी लोकांचा, बायकामुलांसकट आणि गुराढोरांसकट, संहार करण्याचा हुकूम होता. शौलाने अगाग राजाला आणि चांगली जनावरे राखून ठेवली, आणि जाब विचारल्यावर ती यज्ञासाठी ठेवली असे सांगितले. लूट घ्यायची आणि तिला धर्माचे आवरण घालायचे, या लबाडीवर शमुवेल बोट ठेवतो, तेवढ्यापुरते त्याचे बोलणे संदेष्ट्यांच्या परंपरेतलेच आहे. पण मूळ हुकूम आजच्या कोणत्याही विवेकाला पटण्यासारखा नाही. यावर बायबलवर श्रद्धा असलेल्या परंपरांनीही डोळे मिटलेले नाहीत. तालमूदच्या योमा या भागात शौलाच्या तोंडी थेट नैतिक आक्षेप घातला आहे. एका माणसाच्या खुनासाठी जर नियमशास्त्र प्रायश्चित्ताचा विधी सांगते, तर इतक्या जिवांचे काय? मोठ्यांनी पाप केले असेल, पण लेकरांनी काय केले? तिथे आकाशवाणी शौलाला गप्प करते हे खरे, पण प्रश्न ग्रंथात कायमचा नोंदला गेला. बायबलमध्येही उलट दिशेचा प्रवाह आहे. बापाच्या अपराधासाठी मुलांना मारू नये असा कायदा अनुवाद ग्रंथात आहे, आणि यहेज्केल त्याच तत्त्वावर एक संपूर्ण अध्याय खर्च करतो. अशा वेळी वाचकाने कोणत्या प्रवाहाला प्रमाण मानायचे? ग्रंथ ज्या दिशेने पुढे सरकतो ती दिशा प्रमाण मानावी हे उत्तर मला रास्त वाटते, कारण येशू शत्रूवर प्रेम करायला सांगतो तेव्हा तो हीच दिशा शेवटपर्यंत नेतो. पण हे उत्तर निवडावे लागते. ते आपोआप हाती येत नाही, आणि निवडीची जबाबदारी वाचकाच्या माथी राहते.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे सांगतो, कारण अधिकार देवाने नेमलेले असतात. हे शब्द अनेक राजवटींना सोयीचे वाटले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या समर्थनासाठी त्यांचा वापर होत असल्याचे पाहून तिथल्या ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनी १९८५ साली कैरोस निवेदन काढले आणि सत्तेच्या या धर्मशास्त्राला सविस्तर उत्तर दिले. त्याआधी १९३४ साली जर्मनीत, कार्ल बार्थ यांच्या पुढाकाराने झालेल्या बार्मेन जाहीरनाम्याने नाझी राज्याला चर्चवर सर्वंकष हक्क सांगता येणार नाही असे बजावले होते. डीट्रिश बोनहोफर यांनी १९३७ साली येशूच्या मागे जाण्याविषयीच्या ग्रंथात आज्ञापालन नसलेल्या श्रद्धेला स्वस्त कृपा म्हटले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी हिटलरच्या राजवटीने त्यांना फाशी दिली. देवाच्या आज्ञेविषयी इतके कठोर लिहिणारा माणूस सरकारच्या आज्ञेविरुद्ध गेला, यात विसंगती नाही. पौलाचा तो उतारा पुढे वाचला तर लगेच शेजाऱ्यावरच्या प्रेमाने सगळे नियमशास्त्र पूर्ण होते असे विधान येते, म्हणजे अधिकाऱ्यालाही मोजण्याचे माप तिथेच आहे. पौल स्वतः फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके खाऊन तुरुंगात पडला, तेव्हा गुपचूप सुटून जायला त्याने नकार दिला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे, असा त्याने आग्रह धरला. आणि ज्या रोमी सत्तेच्या अधीन राहायला पौल सांगतो तिलाच प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय समुद्रातून वर आलेले श्वापद म्हणतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोन्ही तेरावे अध्याय एकाच बायबलमध्ये आहेत.

बक्षीस आणि शिक्षा यांच्या हिशोबाचे काय, असाही प्रश्न उरतो. पाळाल तर पाऊस आणि पीक, मोडाल तर रोग आणि पराभव, असे अनुवाद ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय सांगतो. मग हे आज्ञापालन भीतीपोटीच झाले. पण या समीकरणाला छेद देणारा ईयोब त्याच बायबलमध्ये आहे. तो निर्दोष असूनही सर्वस्व गमावतो. तू नक्की काहीतरी पाप केले असशील, असे त्याचे मित्र धर्मशास्त्राच्या आधारे त्याला पटवत राहतात. शेवटी देव या मित्रांवरच रागावतो आणि भांडत राहिलेल्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवतो. येशूच्या दोन मुलांच्या दाखल्यातही हिशोब उलटतो. एक मुलगा बापाला नाही म्हणतो आणि नंतर द्राक्षमळ्यात जातो, दुसरा तोंडभर होकार देतो आणि जात नाही. पहिला आज्ञाधारक ठरतो, म्हणजे सुरुवातीचा नकार त्याच्या आड येत नाही. गेथशेमाने बागेत येशू स्वतःही हा प्याला टळावा अशी विनंती करतो आणि मग स्वीकार करतो. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर म्हणते की पुत्र असूनही तो दुःख सोसून आज्ञापालन शिकला. शिकावे लागते ते आज्ञापालन यंत्राचे नसते. योहानाच्या शुभवर्तमानात तो शिष्यांना आता दास न म्हणता मित्र म्हणतो, कारण दासाला धन्याचे मनोगत कळत नाही आणि मित्राला कळते. कारण समजून घेऊन पाळणे, ही त्या मैत्रीची खूण आहे.

मराठी वाचकाला या वादाचे उदाहरण दूर शोधायला नको. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचा तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार म्हणजे आज्ञापालनावरचा एक दीर्घ वादच आहे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, आणि नव्या ख्रिस्ती स्त्रीने ती नम्रपणे मान्य करावी अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मानली नाही. पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने बाहेर पडलो, आता धर्मगुरूंकडून येणारी प्रत्येक गोष्ट परमेश्वराची आज्ञा समजून दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी कळवले. त्यांना देव नको होता असे कोणी म्हणू शकणार नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आयुष्य घालवले, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले. देवाचे ऐकणे आणि देवाच्या वतीने बोलणाऱ्याचे ऐकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिल्यासाठी कधी कधी दुसरी नाकारावी लागते, हे त्यांनी पत्रांतून मांडले आणि जगूनही दाखवले.

एवढ्या पुराव्यानंतरही कोणी म्हणेल की हे सोयीचे वाचन आहे, कारण बायबलमध्ये मुकाट आज्ञापालनाला पोषक वचनेही पुष्कळ आहेत. ती आहेत. बायकांनी नवऱ्याच्या आणि दासांनी धन्याच्या अधीन राहावे, हे उपदेश त्या काळच्या घराचा आराखडा तसाच उचलतात, आणि त्यांनी शतकानुशतके केलेले नुकसान खरे आहे. पण कोणतेही वचन सुटे घेतले तर त्याचा अर्थ घेणाऱ्याच्या हातात जातो. आज्ञा सलग वाचली तर तिच्यामागे सुटकेचा इतिहास, तिच्यासमोर संमती देणारा किंवा वाद घालणारा माणूस आणि तिच्या कक्षेत परका, अनाथ, विधवा अशी दुबळी माणसे दिसतात. म्हणून देवाच्या नावाने आज्ञा सांगणाऱ्याला काही साधे प्रश्न विचारायचा हक्क बायबलच देते. या आज्ञेने कोणाची सुटका होते आणि कोण अधिक बांधला जातो? तिचा भार सांगणाराही उचलतो की फक्त ऐकणारा? तिच्यावर आक्षेप घ्यायला जागा आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरे देता येत नसतील तर ती आज्ञा अमान्य करायला शिप्रा आणि पुवा, सलाफहादाच्या मुली आणि यिर्मया यांचा आधार पुरेसा आहे. उत्तरे सरळ मिळाली, तर मात्र तीच आज्ञा विचारणाऱ्यालाही बांधते, आणि तेव्हा त्याला स्वतःच्या मालकीवर, सवडीवर आणि सुरक्षिततेवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते.